दत्तारामचा ट्रॅक्टर आणि पुतळाबाईचा नारळ

मी लग्न होऊन बोरिवलीला आले तेव्हा मला दोन सासरे आहेत असंच वाटायचं. एक खरे, मार्तंडराव, त्यांना मी मामंजी म्हणत असे. दुसरा गोठ्याशेजारच्या पडवीत चार चाकांवर उभा असायचा, आणि त्याची बडदास्त ठेवता ठेवता सगळं घर मेटाकुटीला यायचं. मामंजी जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. युद्ध संपल्यावर लष्कराच्या जुन्या सामानाचे लिलाव झाले, त्यात लोकांनी कांबळी घेतली, तंबू घेतले, कुणी जीपगाड्या घेतल्या. आमच्या मामंजींनी ट्रॅक्टर घेतला. वाडी एवढीशी, की ट्रॅक्टर टोकाला वळवायला गेला तर निम्मा शेजाऱ्यांच्या वालात जायचा. पण "शास्त्रशुद्ध शेती" असं मामंजी एकदा चारचौघांत बोलून बसले होते, आणि बोललेला शब्द मागे घ्यायची त्या माणसाला सवयच नव्हती.

तो ट्रॅक्टर घासलेटवर चालायचा. आज कुणाला सांगितलं तर लोक मला थापाडी म्हणतात. त्याला दोन टाक्या होत्या, तांब्याएवढी पेट्रोलची आणि हंड्याएवढी घासलेटची. सकाळी पेट्रोलवर सुरू करायचा, इंजिन चांगलं तापलं की कॉक फिरवून घासलेटवर घ्यायचा. थंड इंजिनाला घासलेट पाजलं तर ते जळत नाही, तसंच झिरपत खालच्या तेलात उतरतं आणि तेलाची वाट लागते. संध्याकाळी बंद करायच्या आधी पुन्हा थोडा वेळ पेट्रोलवर चालवायचा, म्हणजे नळीत घासलेट उरत नाही आणि दुसऱ्या दिवशी हँडल मारता मारता माणसाचा खांदा निखळत नाही. हे ज्ञान मला मामंजींनी दिलं नाही. आमच्या ह्यांनी, श्यामकांतनी, तर नाहीच नाही. ते फोर्टातल्या ऑफिसात जायचे आणि ट्रॅक्टरच्या इतक्या लांबून जायचे की जणू तो चावतो. हे मला दत्तारामनं शिकवलं.

दत्ताराम आमच्याकडे ट्रॅक्टर चालवायचा. खाडीकाठच्या कोळीवाड्यातला माणूस, काळा, रुंद, आणि आवाज असा की तो पडवीत कुजबुजला तरी माजघरात ऐकू यायचं. नम्रता हा प्रकार त्याला ठाऊक नव्हता. मामंजींनाही तो तोंडावर सांगायचा, "भाऊसाहेब, तुमाला मोजनी येते, इंजिन नाय येत." मामंजी संतापायचे, त्याला हाकलून द्यायचे, आणि दुपारी कुणीतरी त्याला जेवायला बोलवा म्हणून आत निरोप यायचा.

इंधनाच्या बाबतीत तो सोवळ्यातल्या आजीबाईपेक्षा कडक होता. घासलेटचा डबा उघडा ठेवायचा नाही. प्रत्येक डबा धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळूनच टाकीत ओतायचा. ओल्या हाताचं माणूस टाकीजवळ फिरकायचं नाही. एकदा मी कपडे धुऊन तशीच तिथून गेले तर केवढ्यानं ओरडला! मला राग आला. मी गिरगावातून मॅट्रिक होऊन आलेली, मीही काही कमी नव्हते. म्हटलं, "दत्ताराम, मी काय तुमच्या टाकीत बुडी मारणार होते?"

तो हसला नाही. त्यानं मला जवळ बोलावलं आणि टाकीखाली बसवलेली काचेची छोटी वाटी दाखवली. टाकीतून येणारं घासलेट आधी त्या वाटीत उतरायचं. घासलेटपेक्षा पाणी जड, त्यामुळे पाणी आणि गाळ तिच्या तळाशी बसायचा. "यो बगा, वयनी. मोत्यावानी दिसतंय ना, ता पानी. येवढा जरी पुढं गेला ना, इंजिन खोकतंय आन् मरतंय." मग माझ्या हाताकडे बघून म्हणाला, "तुमचा हात बारीक हाय. घाला आत, वाटी सोडवा."

त्या दिवसापासून ती वाटी धुणं माझं काम झालं. आठवड्यातून एकदा मी ती काढायची, स्वच्छ फडक्यानं पुसायची, खालचं बूच बघायचं, परत बसवायची. हळूहळू नळीतला कचरा फुंकून काढणं, जेटचं, म्हणजे इंजिनात इंधन फवारणाऱ्या तोटीचं, भोक साफ करणं हेही आलं. मामंजी म्हणाले, सून मेकॅनिक निघाली. ते कुत्सितपणे म्हणाले, पण मला ते फार आवडलं. त्या घरात मला तोवर मीठ किती घालू याखेरीज कुणी काही विचारलं नव्हतं. दत्ताराम विचारायचा, "वयनी, आज आवाज कसा वाटतंय?" आणि मी काय सांगते ते कान देऊन ऐकायचा. या एका गोष्टीसाठी मी त्याची जन्मभर ऋणी आहे, आणि हे सगळं लिहिते आहे ते त्यासाठीच.

तो एवढा कडक का होता ते मला कोळीवाड्यातल्या बायकांकडून कळलं. आमच्याकडे येण्यापूर्वी दत्तारामच्या घरची शिडाची होडी होती. त्यानं हट्टानं तिला जुनं इंजिन बसवून घेतलं. सगळ्यांनी नको म्हटलं होतं, त्याच्या आईनं, पुतळाबाईनं, तर जास्तच. एकदा भरसमुद्रात घासलेटमध्ये पाणी येऊन ते इंजिन बंद पडलं. होडी वाहत जाऊन खडकावर फुटली. माणसं वाचली, दर्यानं एवढी दया केली, पण होडी गेली ती गेलीच. तेव्हापासून पुतळाबाई दुसऱ्यांच्या होडीची मासळी विकत घेऊन पाटी डोक्यावर घेऊन फिरायची. लेकाला ती वाईट काही बोलली नाही. ती त्याच्याशी बोलणंच सोडून बसली. दत्ताराम आमच्या पडवीत झोपायचा. ती आमच्याच मागच्या दाराशी पाटी उतरवायची, बोंबील-मांदेली निवडून द्यायची, माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारायची, आणि जाताना पडवीच्या बाजूला पाठ करून निघून जायची. तो आत नळ्या पुसत बसलेला असायचा. तिचा आवाज आला की त्याचा आवाज बंद व्हायचा.

कोळीवाड्यात त्याला "इंजिनवाला" म्हणायचे, आणि ते काही कौतुकानं नव्हे.

पंचावन्न सालची गोष्ट. कोळीवाड्याची थोडी खारजमीन होती, खाडीला बांध घालून राखलेली. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असल्या की बायकामाणसं तिथे भात करायची. त्या वर्षी भाद्रपदात बांधाला खांड पडली, म्हणजे बांध एका जागी फुटला. चिखल आणि झावळ्या कोंबून ती कशीबशी बुजवली होती. पण आश्विनातल्या पौर्णिमेला मोठं उधाण येतं. नुसत्या चिखलानं ते अडलं नसतं. दाणा भरत आलेला भात एका भरतीत खारवला असता, आणि पुढची दोन-तीन पिकंही गेली असती. खांडीला दगड हवे होते. दगड होते डोंगराकडच्या खाणीत, स्टेशनच्या पलीकडे. डोक्यावरून एवढे दगड आणणार कोण?

कोळीवाड्याचे चार म्हातारे आमच्या अंगणात येऊन बसले. मामंजींनी त्यांना बांध कसा चुकीच्या उताराचा आहे यावर व्याख्यान दिलं आणि शेवटी ट्रॅक्टर आणि ट्रॉली देऊ केली. "पण चालवणार दत्ताराम," ते म्हणाले. म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. दत्ताराम खांबाला टेकून उभा होता. खाली मान घालून म्हणाला, "पुनवेच्या आत खांडीवर दगर येतील. माजा शब्द." मला त्याच्या आवाजाची भीती वाटली, कारण तो मोठा नव्हता.

काम दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू करायचं ठरलं. दसऱ्याला हत्यारांना विश्रांती आणि पूजा. आम्ही ट्रॅक्टर धुतला, झेंडूच्या माळा घातल्या. टाकी दत्तारामनं आदल्या दिवशीच गाळून गाळून काठोकाठ भरली होती. मी हळदकुंकू लावत होते तेवढ्यात फाटकातून कोळीवाड्याच्या बायका आल्या, नव्या लुगड्यांत, अंबाड्यावर फुलं. सगळ्यांत पुढे पुतळाबाई. हातात नारळ.

ती मागच्या दाराशी आली नाही. सरळ पडवीत आली. दत्तारामच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

पुतळाबाईनं ट्रॅक्टरला नमस्कार केला. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नारळ वाढवतात तसा त्याच्याही कपाळावर वाढवायचा म्हणून ती कपाळ शोधू लागली. पुढच्या टपावर टाकीचं पितळी झाकण होतं, दत्तारामनं चिंचेनं घासून लख्ख केलेलं. तेच तिला डोकं वाटलं. तिनं झाकणावर भरपूर कुंकू वाहिलं, दगडावर नारळ फोडला आणि सगळं पाणी त्या झाकणावर ओतलं. मागून प्रत्येकीनं तसंच केलं. झाकणाभोवती खोलगट वाटीसारखी जागा होती, ती भरून वाहू लागली.

त्या झाकणाला मधोमध बारीक भोक होतं. टाकीतलं इंधन कमी होतं तशी वरून हवा आत जावी लागते, त्यासाठी. हे मला माहीत होतं, दत्तारामला तर होतंच. ओल्या हातावरून माझ्यावर ओरडणारा तो माणूस तिथेच हात जोडून उभा होता आणि त्याचे डोळे भरले होते. इतक्या वर्षांनी आई त्याच्या यंत्राला पूजत होती. तिला "थांब" कसं म्हणणार? आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी ते भोक त्याच्या डोक्यातच नसावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर पेट्रोलवर झकास सुरू झाला. मामंजी काळी टोपी, कोट, काठी अशा थाटात बघायला उभे. कोळीवाड्यातले पुरुष ट्रॉलीत चढून बसलेले. इंजिन तापलं, दत्तारामनं कॉक फिरवून घासलेटवर घेतलं, आणि फाटकापर्यंत जाता जाता ट्रॅक्टर खोकला, गचके खाल्ले आणि मेला.

मी धावत जाऊन काचेची वाटी बघितली. वाटी पाण्यानं भरली होती, आणि ते पाणी लालसर होतं. कुंकू. मी दत्तारामकडे पाहिलं. त्यालाही कळलं होतं.

मामंजी कडाडले, "मूर्खा, टाकीत पाणी? रोज गाळण्याचं नाटक करतोस ते कशाला?"

"झाकन मीच नीट लावला नाय, भाऊसाहेब," दत्ताराम म्हणाला. "माजी चूक."

ट्रॉलीतून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "पुना यांचा इंजिन! होरी गेली, आता भातबी गेला समजा."

माझ्या जिभेवर आलंच होतं. मी तोंड उघडलं, आणि दत्तारामनं माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. मी गप्प बसले. एवढी गप्प मी त्यापूर्वी कधी बसले नव्हते आणि पुढेही बसले नाही.

नुसत्या पेट्रोलवर चालवावा तर तांब्याएवढी टाकी दोन खेपांत संपली असती, आणि पंप सणाचा बंद. दुसरं घासलेट एवढं आणायचं कुठून? आहे तेच साफ करायला हवं होतं. आम्ही टाकी रिकामी केली, हंडे, कळश्या, घमेली, मिळेल त्यात घासलेट उतरवलं. पण नारळाचं पाणी धड खाली बसेना, सगळं ढवळून ताकासारखं झालेलं. धोतराच्या फडक्यातून गाळलं तर कचरा अडायचा, पाणी खुशाल पलीकडे.

"फेल्ट पायजे," दत्ताराम म्हणाला. युद्धाच्या वेळी तो लष्कराच्या गाड्यांवर होता, तिथे त्यानं पाहिलं होतं. दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा आधी पेट्रोलमध्ये भिजवला की त्यातून इंधन जातं, पाणी वरच राहतं. "पन फेल्ट आता कुठून आनू?" असं म्हणता म्हणता त्याची नजर वर गेली आणि मामंजींच्या डोक्यावर थांबली.

"काय बघतोस?" मामंजी म्हणाले.

दत्ताराम प्रथमच बोलायला घाबरला. मग मीच म्हटलं, "मामंजी, तुमची टोपी द्या. फेल्टची आहे."

सून होऊन मला दोन वर्षं झाली होती, पण मामंजींना बोडक्या डोक्यानं मी पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या टोपीला हात लावायची श्यामकांतचीही छाती नव्हती. मामंजी लाल झाले. त्यांनी ट्रॉलीतल्या माणसांकडे पाहिलं, बांधाच्या दिशेला पाहिलं, आणि टोपी काढून माझ्या हातात दिली. त्यांना पूर्ण टक्कल होतं.

मी कात्रीनं आतलं अस्तर उसवलं. टोपी पेट्रोलमध्ये भिजवून रुंद नरसाळ्यात बसवली. मामंजी कोटाच्या बाह्या वर सारून पुढे आले. "माझी टोपी आहे, मीच धरणार," म्हणाले. दत्ताराम ओतायचा, मामंजी धरायचे. खाली काचेसारखं निवळ घासलेट थेंबथेंब उतरायचं, टोपीत लालसर पाणी उरायचं, ते मी बाजूला ओतायची. मग पुन्हा. नळ्या, वाटी, जेट सगळं धुतलं. देवा, त्या दोघांना एकमेकांच्या डोक्याला डोकं लावून बसलेलं पाहिलं आणि मला फार बरं वाटलं.

दगड का आले नाहीत म्हणून बघायला कोळीवाड्यातून बायका आल्या. पुतळाबाई माझ्याशेजारी उकिडवी बसली, काय करू म्हणाली. मी तिच्या हातात पाण्याचं घमेलं दिलं. तिनं टोपीतलं पाणी घमेल्यात पडताना पाहिलं. वाकून नीट पाहिलं.

"लाल कनाला दिसतंय?" तिनं विचारलं.

"गंज हाय, टाकीचा," दत्ताराम मान वर न करता म्हणाला.

पुतळाबाई आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडे बघत राहिली. मग घमेलं उचलून लांब नेऊन ओतून आली.

दुपारी ट्रॅक्टर चालला. घासलेटवर घेतलं. तो खोकला नाही. त्या दिवसापासून पौर्णिमेपर्यंत दत्ताराम फक्त जेवायला उतरायचा. खाणीतून दगड, खाडीवर दगड. गोणपाट पसरून पुरुष दगड रचायचे, बायका चिखल भरायच्या. पुतळाबाईचं वय झालेलं, पण ती चिखलाची पाटी खाली ठेवीना. मामंजी जुन्या उपरण्याचं मुंडासं बांधून बांधावर उभे राहायचे आणि उतार कसा हवा ते सांगायचे. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं, हे कोळीवाड्यानं मान्य केलं, पण तोंडावर नाही.

पौर्णिमेला सकाळी शेवटची खेप पडली. दुपारी भरती. आम्ही सगळे बांधावर उभे होतो. खाडी फुगत आली. पाणी दगडांना लागलं, दगड बुडाले, मग वरच्या मातीला लागलं. आतल्या बाजूला भात पिवळट हिरवा, लोंब्या वाकलेल्या. पाणी काठाशी येऊन तिथेच थांबलं. किती वेळ थांबलं कोण जाणे. मग बांधावर ओल्या रेघेची एक कड दिसायला लागली, आणि एक म्हातारा म्हणाला, "उतरली."

बायका हसायला लागल्या, काही रडायला. पुरुषांनी दत्तारामच्या नावानं हाक घातली, पण तो तिथे नव्हता. तो मागे ट्रॅक्टरच्या चाकापाशी जमिनीवर बसला होता, डोकं गुडघ्यांत घालून. मी त्याच्याकडे जायला निघाले. माझ्या आधी पुतळाबाई पोहोचली. चिखलानं कोपरापर्यंत माखलेली.

"दत्ता."

तो उठून उभा राहिला. इतक्या वर्षांत तिनं त्याला नावानं हाक मारली नव्हती.

"त्यो गंज नव्हता," ती म्हणाली. "कुंकू व्हता. माजा."

"जाव दे गो, आये."

"नाय जाव देत. तू सगल्यांसमोर आपल्यावर घेतलास. मी इतकी वर्सा तोंड फिरवून बसली, का पोरान माजी होरी बुरवली. आन् मी काय केला? तुजा बरा व्हावा म्हनून नारल फोरला, त पानी आत गेला." "मंग तुज्या हातून गेला तवा तू काय मुद्दाम घातला व्हतास?"

पुतळाबाईनं चिखलाचा हात त्याच्या गालावर ठेवला, आणि हात काढला तेव्हा त्याच्या गालावर पाच बोटं उमटली होती.

"जेवला नसशील," ती म्हणाली. "चल घरा."

तो तसाच, गाल न पुसता, तिच्या मागून कोळीवाड्याच्या वाटेला लागला. मी आणि मामंजी उभे राहून बघत होतो. मामंजींनी मुंडासं सोडून डोळे पुसले आणि मला म्हणाले, डोळ्यांत घासलेट गेलंय.